गवंड्यावाचून उभे राहणारे घर

मुलांनो, पनवेलजवळील कामोठे येथे एखादी नवी इमारत उभी राहत असताना तुम्ही तिच्यासमोर क्षणभर थांबून पाहिले आहे काय? ज्या भूमीवर एके काळी भातशेती होती आणि जिच्या कडेला खाडीचे पाणी खेळत असे, त्याच भूमीवर आज उंच घरांच्या रांगा दिसतात. एकेक घर उभे करावयाचे म्हणजे केवढा खटाटोप! आधी नकाशा काढावा लागतो. मग विटा, वाळू, सिमेंट आणि लोखंड आणून टाकावे लागते. ओळंबा लावून भिंत सरळ आहे की नाही हे पाहणारा गवंडी हवा आणि त्याच्या हाताखाली काम करणारे मजूर हवेत. इतके झाले म्हणजे कोठे भिंत वर चढू लागते.

आता अशी कल्पना करा की, मैदानात विटांचा ढीग पडलेला आहे. जवळपास कोणीही नाही. थोड्या वेळाने त्या विटा आपण होऊन हलू लागल्या, एकमेकींना अचूक जुळल्या आणि पाहता पाहता एक सुबक मनोरा उभा राहिला! तुम्ही म्हणाल, ही तर परीकथा झाली. परंतु सृष्टीत ही परीकथा क्षणोक्षणी खरी होत असते. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीत अशी बांधकामे चालू असतात आणि तेथे कोणीही गवंडी नसतो. अशाच एका अतिसूक्ष्म घराची रचना वीट न् वीट मोजून ज्या शास्त्रज्ञ स्त्रीने जगाला उलगडून दाखविली, तिचे नाव रोझलिंड फ्रँकलिन.

रोझलिंडचा जन्म २५ जुलै १९२० रोजी लंडन शहरात एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला. तिचे वडील एलिस फ्रँकलिन हे पेढीवर काम करीत आणि कामगारांसाठी चालविलेल्या एका विद्यालयात फावल्या वेळी शिकवीत. दुसऱ्याच्या उपयोगी पडावे, हा त्या घराचा शिरस्ता होता. रोझलिंडला लहानपणापासून गणिताची विलक्षण गोडी होती. इतर मुले बाहुल्यांशी खेळत, तेव्हा ही मुलगी केवळ आनंदासाठी उदाहरणे सोडवीत बसे, आणि तिची उत्तरे सहसा चुकत नसत.

वयाच्या अकराव्या वर्षी ती सेंट पॉल्स या मुलींच्या शाळेत जाऊ लागली. त्या काळी मुलींना भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकविणाऱ्या शाळा थोड्याच होत्या. ही त्यांपैकी एक होती. रोझलिंड तेथे सर्व विषयांत चमकू लागली. संगीत मात्र तिला कधी जमले नाही. शाळेत संगीत शिकविणारे गृहस्थ म्हणजे प्रसिद्ध संगीतकार गुस्ताव होल्स्ट. त्यांनी एकदा तिच्या आईकडे चौकशी केली, की मुलीच्या कानाला काही दोष तर नाही ना! थोर माणसे प्रत्येक गोष्टीत थोर असतातच असे नाही, हे यावरून ध्यानात येईल.

१९३८ साली ती केंब्रिज विद्यापीठाच्या न्यूनहॅम महाविद्यालयात दाखल झाली. तिला वर्षाला तीस पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली होती. तो काळ मोठा कठीण होता. जर्मनीत हिटलरचे राज्य होते आणि तेथून हजारो ज्यू लोक जीव वाचविण्यासाठी देशोधडीला लागत होते. फ्रँकलिन कुटुंबाने अशा दोन निराधार मुलांना आपल्या घरी आश्रय दिला. त्यांतील एक मुलगी रोझलिंडच्या बहिणीच्या खोलीत राहत असे. वडिलांनी रोझलिंडला सुचविले, की तुझी शिष्यवृत्ती एखाद्या गरजू निर्वासित विद्यार्थ्यास द्यावी.

केंब्रिजमध्ये मुली शिकत असत, परीक्षाही देत असत. परंतु मुलांच्या बरोबरीने पूर्ण पदवी मिळण्यासाठी त्यांना १९४८ सालापर्यंत थांबावे लागले. रोझलिंड १९४१ मध्ये अखेरची परीक्षा उत्तीर्ण झाली, तेव्हा तिला केवळ नावापुरता मान मिळाला. तिने त्याची खंत करीत वेळ दवडला नाही. दुसरे महायुद्ध चालू होते. १९४२ पासून ती दगडी कोळशावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत काम करू लागली. कोळशात डोळ्यांना न दिसणारी असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. कोणता वायू त्यांतून आत जाऊ शकतो आणि कोणता अडतो, हे तिने अत्यंत काटेकोरपणे मोजले. दिवसा प्रयोगशाळेत काम आणि विमानहल्ल्याच्या प्रसंगी स्वयंसेविका म्हणून लोकांचे संरक्षण, असा तिचा दिनक्रम असे. याच संशोधनाबद्दल १९४५ साली तिला केंब्रिज विद्यापीठाने डॉक्टर ही पदवी दिली.

१९४७ मध्ये रोझलिंडबाई पॅरिसला गेल्या आणि तेथील सरकारी प्रयोगशाळेत जाक मेरिंग यांच्याकडे क्ष-किरणांनी पदार्थाची अंतर्रचना शोधण्याची विद्या शिकल्या. ही विद्या समजून घ्यावयाची असेल, तर एक साधा प्रयोग करा. रात्री छत्रीच्या तलम कापडातून दूरवरच्या दिव्याकडे पाहा. एका दिव्याच्या जागी तुम्हांला प्रकाशाच्या ठिपक्यांची सुरेख नक्षी दिसेल. कापडाचे धागे जसे विणलेले असतील, तशी ती नक्षी उमटते. कापड न पाहताही, नुसत्या नक्षीवरून त्याची वीण ओळखता येते. अणुरेणूंची वीण इतकी बारीक असते, की तिच्यासाठी साधा प्रकाश चालत नाही, क्ष-किरण लागतात. हे किरण पदार्थातून जाऊन छायाचित्राच्या पट्टीवर ठिपके उमटवितात, आणि त्या ठिपक्यांचे अंतर व काळेपणा मोजून शास्त्रज्ञ रेणूंची रचना गणिताने काढतात. या कामी हात स्थिर हवा, बुद्धी तीक्ष्ण हवी आणि धीर तर अपार हवा. रोझलिंडबाईंच्या ठायी हे तिन्ही गुण होते.

१९५१ च्या जानेवारीत त्या लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये आल्या. तेथे त्यांच्यापुढे एक मोठे कोडे होते. आईवडिलांचे गुण मुलांत उतरविणारा डी.एन.ए. नावाचा पदार्थ पेशीत असतो. त्याची रचना कशी असावी? रोझलिंडबाईंनी त्याचे तंतू हवेतील ओलाव्याचे प्रमाण बदलून पारखले आणि या पदार्थाची दोन रूपे असतात हे दाखविले. १९५२ च्या मे महिन्यात त्यांच्या मार्गदर्शनाखाली रेमंड गॉस्लिंग या विद्यार्थ्याने एक अप्रतिम छायाचित्र घेतले. त्यातील फुलीच्या आकाराची नक्षी हेच सांगत होती, की हा रेणू मळसूत्री जिन्यासारखा वळलेला आहे.

तथापि त्या महाविद्यालयात त्यांचे मन रमले नाही. मॉरिस विल्किन्स या सहकाऱ्याशी त्यांचे जुळले नाही. कामाची वाटणी कशी करावयाची, याविषयी दोघांचाही आरंभापासून गैरसमज झालेला होता. १९५३ च्या जानेवारीत विल्किन्स यांनी ते छायाचित्र केंब्रिजच्या जेम्स वॉटसन यांना दाखविले. रोझलिंडबाईंना याची कल्पना नव्हती. त्यांच्या मोजमापांचा एक अहवालही केंब्रिजला पोहोचला. वॉटसन आणि त्यांचे सोबती फ्रान्सिस क्रिक यांनी आपल्या प्रतिभेने डी.एन.ए.ची प्रतिकृती उभी केली. परंतु त्या प्रतिकृतीचा पाया भक्कम करणारी कितीतरी मापे रोझलिंडबाईंच्या प्रयोगशाळेतून आलेली होती. २५ एप्रिल १९५३ रोजी हा शोध प्रसिद्ध झाला. त्याच अंकात रोझलिंडबाईंचाही लेख होता. पण जगाच्या तोंडी नावे झाली ती दुसऱ्यांची.

या वेळेपर्यंत त्या किंग्ज कॉलेज सोडून लंडनमधीलच बर्कबेक कॉलेजात जाऊन पोहोचल्या होत्या. जे. डी. बर्नाल हे तेथील प्रमुख होते. जागा मात्र बेताचीच होती. एका जुन्या घराच्या तळघरात क्ष-किरणांची यंत्रे आणि बाईंची बसण्याची खोली सर्वांत वरच्या मजल्यावर. दिवसातून कितीदा तरी ते जिने चढावे आणि उतरावे लागत. वयाची तेहतीस वर्षे होत आली होती. हातचे काम मागे सुटले होते आणि पुढचे काम अगदी नवे होते. दुसरा एखादा खचून गेला असता. रोझलिंडबाईंनी नवी वही उघडली.

हे नवे काम होते तंबाखूच्या पानावरील एका रोगाचे. बेळगाव जिल्ह्यातील निपाणीच्या आसपास तंबाखूची शेते आहेत, हे तुम्ही भूगोलात वाचले असेल. तंबाखूच्या झाडाला कधी कधी असा रोग होतो, की पानावर फिकट आणि गडद हिरवे ठिगळ पडतात आणि पान आक्रसते. हाच रोग टोमॅटो आणि मिरची यांनाही होऊ शकतो. रोगी पानाला लागलेला हात निरोगी पानाला लागला, तरी तो पसरतो. या रोगाचे कारण म्हणजे एक विषाणू. जगात सर्वांत प्रथम ओळखला गेलेला विषाणू तो हाच. तो इतका लहान असतो, की एका मिलिमीटरच्या रेषेवर असे तीन हजारांहून अधिक कण एकापुढे एक मांडता येतील. त्याचा आकार आखूड काठीसारखा असतो आणि तो दोनच वस्तूंचा बनलेला असतो. एक वस्तू म्हणजे प्रथिन आणि दुसरी म्हणजे आर.एन.ए. नावाचा धागा. विषाणू कसा निर्माण करावा, याची सारी माहिती या धाग्यात साठविलेली असते.

या काठीच्या आत काय आहे? प्रथिनाच्या विटा कशा रचल्या आहेत? धागा कोठे आहे? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यास रोझलिंडबाई बसल्या. १९५४ मध्ये आरन क्लुग नावाचा एक तरुण शास्त्रज्ञ त्यांना येऊन मिळाला. केनेथ होम्स आणि जॉन फिंच हे विद्यार्थीही आले. विषाणूंचा दाट द्रव बारीक काचनळीत भरावयाचा, त्यावर अनेक तास क्ष-किरण सोडावयाचे, मग पट्टीवर उमटलेला एकेक ठिपका मोजावयाचा, असे त्यांचे काम चाले.

त्यातून हळूहळू एक अद्भुत चित्र उभे राहिले. विषाणूची काठी भरीव नसून पोकळ नळी होती. प्रथिनाच्या विटा एकसारख्या होत्या आणि त्या मळसूत्री जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे गोल गोल रचलेल्या होत्या. तीन फेऱ्यांत बरोबर ४९ विटा बसत होत्या. विटांच्या संख्येविषयी आधी केलेला अंदाज कमी पडतो असे ध्यानात येताच त्यांनी तो स्वतःच सुधारला. आज आपल्याला माहीत आहे, की एका विषाणूत अशा सुमारे २,१३० विटा असतात आणि त्यांचे सुमारे १३० फेरे होतात.

सर्व पूर्ण काठ्यांची लांबी सारखीच असते, असे त्यांनी १९५५ मध्ये मांडले. तेव्हा नॉर्मन पिरी या नामवंत तज्ज्ञास ते रुचले नाही आणि त्यांनी कठोर शब्दांत विरोध केला. वयाने आणि अधिकाराने मोठ्या माणसाने असे बजावले, म्हणजे नवख्याची मान खाली जाते. रोझलिंडबाई आपल्या मोजमापावर ठाम राहिल्या. पुढे त्यांचेच म्हणणे खरे ठरले.

आता आपण आपल्या परीकथेकडे वळू. काही शास्त्रज्ञांनी विषाणूतील प्रथिन आर.एन.ए.पासून वेगळे काढले होते. योग्य प्रमाणात आम्लता असलेल्या पाण्यात ठेवले, की हे सुटे प्रथिन पुन्हा आपोआप काठीच्या रूपाने जुळून येई. रोझलिंडबाईंनी अशा काठ्यांवर क्ष-किरण सोडले. नक्षी जवळजवळ तीच उमटली! धागा नसतानाही विटांनी तोच मळसूत्री जिना रचला होता. म्हणजे जिन्याचा आराखडा बाहेर कोठे ठेवलेला नव्हता. तो प्रत्येक विटेच्या आकारातच दडलेला होता. फरक एवढाच होता, की धागा नसलेल्या काठ्या लहानमोठ्या कशाही लांबीच्या होत. धागा असला, म्हणजे त्याच्या लांबीइतकेच बांधकाम होऊन थांबे.

धागा असलेल्या आणि नसलेल्या काठ्यांच्या नक्ष्या शेजारी शेजारी ठेवून रोझलिंडबाईंनी आणखी एक गोष्ट शोधली. धागा नळीच्या मधल्या पोकळीत नव्हता. तो विटांच्या मधोमध, त्यांच्याबरोबर वळत वळत गेलेला होता, जणू भिंतीच्या आतून पुरलेली दोरी. विटा धाग्याला जपत होत्या आणि धागा विटांना मर्यादा घालून देत होता.

त्याच १९५५ साली अमेरिकेतील बर्कले येथे हाइन्झ फ्रेंकेल-कॉनराट आणि रॉब्ली विल्यम्स या दोघांनी हा विषय पूर्णत्वास नेला. त्यांनी विषाणूचे प्रथिन आणि आर.एन.ए. वेगळे केले आणि मग ते दोन्ही पुन्हा एकत्र मिसळले. काही काळाने त्या मिश्रणात पूर्ण विषाणू तयार झालेले दिसले, आणि ते तंबाखूच्या पानावर चोळले तेव्हा पानाला रोग झाला. मोडलेले घर आपले आपण पुन्हा उभे राहिले होते. बर्कलेची ही प्रयोगशाळा रोझलिंडबाईंनी १९५६ मध्ये प्रत्यक्ष पाहिली.

तुम्ही विचाराल, की डोळे नाहीत, हात नाहीत, मग विटा जुळतात कशा? पाण्यातील सर्व सूक्ष्म कण उष्णतेमुळे सतत धडपडत असतात. प्रथिनाचे दोन कण एकमेकांवर आपटतात. जेथे एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात नेमका बसतो आणि एकाचा विद्युत्भार दुसऱ्याला ओढतो, तेथे ते चिकटून राहतात. जेथे जोड चुकीचा असतो, तेथे तो सैल राहतो आणि पुढच्याच धक्क्याने सुटतो. सुटलेला कण पुन्हा फिरतो, पुन्हा आपटतो आणि अखेर योग्य जागी बसतो. प्रत्येक जोड थोडा कमकुवत असतो, म्हणूनच चूक दुरुस्त होऊ शकते. पहिल्याच आपटीत कण कायमचे चिकटले असते, तर मनोऱ्याऐवजी ओबडधोबड ढीग झाला असता. आपल्या अभ्यासातही असेच नव्हे काय? चूक पुसून पुन्हा लिहिता येते, म्हणूनच अक्षर सुधारते.

जिवंत पेशीतील बांधकामे तर याहूनही नवलाची असतात. विषाणूचे घर एकदा उभे राहिले की स्थिर राहते. पेशीत मात्र प्रथिनाच्या अशा नळ्या असतात, की त्या सतत बांधल्या जातात आणि सतत मोडल्या जातात. एका टोकाला विटा जोडल्या जातात आणि कित्येकदा काही क्षणांतच त्या निखळूनही पडतात. या कामासाठी पेशी आपल्या अन्नातून मिळालेली शक्ती खर्च करते. एका पेशीच्या दोन पेशी होताना, गुणसूत्रांची वाटणी याच नळ्यांच्या साहाय्याने होते. काम संपले की त्या मोडतात आणि त्यांच्याच विटा नव्या कामी येतात. हे पाहून आजचे शास्त्रज्ञ असे पदार्थ घडविण्याच्या खटपटीत आहेत, की जे आपण होऊन जुळतील, गरज सरताच सुटतील आणि मोडले तर स्वतःला सांधतील. रोझलिंडबाईंनी मोजलेल्या त्या तंबाखूच्या विषाणूचाही त्यांनी उपयोग करून पाहिला आहे. त्याच्या नळीवर धातूचा पातळ थर देऊन विजेच्या घटासाठी अतिसूक्ष्म तारा तयार करण्याचे प्रयोग झाले आहेत. जो पिकाचा शत्रू होता, त्याच्याकडूनही माणूस बांधकामाचा धडा घेत आहे.

रोझलिंडबाईंना हे पाहण्याइतके आयुष्य मिळाले नाही. १९५६ मध्ये अमेरिकेच्या प्रवासात असताना त्यांच्या पोटात दुखू लागले. परत येताच तपासणी झाली आणि त्यांना कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या. थोडे बरे वाटले, की त्या प्रयोगशाळेत येत आणि एकेक पायरी चढत आपली वरची खोली गाठीत. त्यांच्या हाताखालच्या तरुणांच्या वेतनाची तरतूद संपत आली होती. इंग्लंडमध्ये पुरेशी मदत मिळेना, तेव्हा त्यांनी अमेरिकेकडे अर्ज केला आणि तीन वर्षांची मदत मिळविली. आपल्यामागे काम थांबू नये, ही एकच चिंता त्यांना लागून राहिली होती. माणसाला पांगळे करणाऱ्या पोलिओच्या विषाणूची रचना शोधण्यासही त्यांनी याच दिवसांत हात घातला. हा विषाणू धोकादायक होता, तरी त्या डगमगल्या नाहीत.

१९५८ साली बेल्जियमची राजधानी ब्रसेल्स येथे एक भव्य जागतिक प्रदर्शन भरावयाचे होते. तेथे मांडण्यासाठी तंबाखूच्या विषाणूची मोठी प्रतिकृती करण्याचे काम रोझलिंडबाईंकडे आले. ज्याचे तीन हजार कण एका मिलिमीटरात मावतात, त्याची पाच फूट उंचीची प्रतिकृती! टेबल टेनिसचे चेंडू आणि सायकलच्या दांड्यावरील प्लॅस्टिकच्या मुठी, असल्या साध्या वस्तूंचाही त्यासाठी उपयोग करण्यात आला. विषाणूत विटा आपोआप जुळतात. या प्रतिकृतीतील एकेक तुकडा मात्र माणसांच्या हातांनी जागेवर बसविला.

१६ एप्रिल १९५८ रोजी रोझलिंडबाईंचे लंडनमध्ये निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे सदतीस वर्षांचे होते. दुसऱ्याच दिवशी, १७ एप्रिलला, ब्रसेल्सच्या प्रदर्शनाचे दरवाजे उघडले. त्यांनी उभा केलेला विषाणूचा मनोरा तेथे दिमाखाने उभा होता. लक्षावधी लोक त्या प्रदर्शनास आले. मनोरा उभारणारी मात्र तो पाहण्यास उरली नव्हती.

मृत्युपत्रात त्यांनी आपल्या बचतीतील मोठी रक्कम आरन क्लुग यांना ठेवली होती. क्लुग आणि फिंच यांनी पोलिओच्या विषाणूचे काम पुढे नेले आणि १९५९ साली ते प्रसिद्ध करताना रोझलिंडबाईंच्या स्मृतीस अर्पण केले. १९६२ मध्ये डी.एन.ए.च्या शोधाबद्दल वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक मृत व्यक्तीस देण्याची प्रथा नाही, म्हणून रोझलिंडबाईंचा विचार होण्याचा प्रश्नच नव्हता. डी.एन.ए.च्या शोधात त्यांचा वाटा किती मोठा होता, हे जगाला पुढे कित्येक वर्षांनी उमगले. १९८२ मध्ये आरन क्लुग यांनाही नोबेल पारितोषिक मिळाले, आणि ज्या कामाचा त्यात गौरव झाला, त्याची सुरुवात रोझलिंडबाईंच्या प्रयोगशाळेत झाली होती.

लंडनमधील विल्सडन येथे त्यांची समाधी आहे. तिच्यावरील शिलालेखात डी.एन.ए.चा उल्लेख नाही. या शास्त्रज्ञ स्त्रीने विषाणूंविषयी लावलेले शोध मानवजातीला चिरकाल उपयोगी पडतील, अशा आशयाचे शब्द तेथे कोरलेले आहेत. पुढे जो विषय त्यांच्या नावाशी जोडला गेला, तो त्या दगडावर नाही. जो विषय त्यांनी अखेरच्या श्वासापर्यंत उरी बाळगला, तो तेथे आहे.

मुलांनो, पुढच्या वेळी कामोठ्यात किंवा तुमच्या गावी एखादी इमारत चढताना पाहाल, तेव्हा गवंड्याच्या हातातील विटेकडे क्षणभर पाहा. ती वीट गवंड्याने उचलल्यावाचून जागची हलणार नाही. विषाणूतील वीट मात्र आपली जागा आपण शोधते. आणि त्या विटेचे रहस्य शोधणारी ती स्त्री? तिला तिची जागा कोणी आयती दिली नाही. केंब्रिजमध्ये पूर्ण पदवी मिळाली नाही, एका प्रयोगशाळेत मन रमले नाही, केलेल्या कामाचे श्रेय वेळेवर पदरी पडले नाही. तरी एका ठिकाणाहून सुटली, की ती दुसरीकडे गेली आणि अखेर जेथे नेमकी बसली, तेथे ज्ञानाची भिंत कायमची भक्कम करून गेली.